अकरा पॉइंट आठ

क्वेइलेनच्या धक्क्यावर ओहोटी लागली
की आमची होडी चिखलात कुशीवर पडते.
तेव्हाच काय ते तिच्या पोटात डोकं घालता येतं.
पाच-सहा तास.
मग पाणी परत येतं, कुणाला विचारत नाही.

बाबा वर बसलेत उलट्या बादलीवर,
मी खाली, दातांत टॉर्च धरून.
सायप्रसच्या फळ्यांना डिझेलचा वास, जुन्या आमिषाचा वास.
वायरीचं आवरण सोलते, तर आत तांबं नाहीच,
हिरवी भुकटी.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ही तार अठरा वर्षं मीठ खात राहिली
आणि एका रात्री, नेमकी धुक्यात, उलटली.

त्या रात्रीचं बाबा काही सांगत नाहीत.
सांगतो तो शेजारच्या होडीवरचा ओस्वाल्दो बार्रिआ:
रेडिओवर एलेउतेरिओचा आवाज आला, अर्धाच.
मी इथं आहे, मी इ
आणि खरखर.
बोलायचं बटण दाबलं की बॅटरी खाली बसायची.
ऐकायला पुरत होती, बोलायला नाही.
माणसंही असतात अशी, आई चुलीकडे बघत म्हणाली,
आणि ती कुणाबद्दल बोलली
ते घरात सगळ्यांना कळलं.

मीटर दाखवतो अकरा पॉइंट आठ.
म्हणजे जवळजवळ मेलेली, मी ओरडते.
अकराच्या वर आहे की, वरून उत्तर.

पिठाच्या पिशवीच्या पाठीवर हिशेब मांडलाय मी.
साउंडर: अर्धा अँपिअर, पण दिवसभर.
शिडाच्या काठीवरचा दिवा एक.
पाणी उपसायचा पंप चार, आणि तो लागतोच.
रेडिओ ऐकताना जवळजवळ फुकट,
बोलताना पाच.
अंथरूण पाहून पाय पसरायचे, बाबा.
ते म्हणतात, मग साउंडर तेवढा ठेव.
माझ्या बापाकडे तर शिशाचा गोळा होता, खाली चरबी फासलेला.
तळाची वाळू चिकटून यायची, कधी शिंपल्याचा चुरा,
त्यावरून तो सांगायचा मेर्लुसा कुठे आहे.
त्याला कुठं होता फ्यूज?

आजोबा एका मंगळवारी परत आले नाहीत.
हे मी म्हणत नाही.
फ्यूज बसवते.

दुसरी बॅटरी मी माझ्या पैशांनी आणलीय,
साल्मनच्या पिंजऱ्यांवरच्या रात्रपाळ्यांच्या.
तिथं रात्रभर पाण्याखाली दिवे जळतात,
माशांना वाटावं हिवाळा आलाच नाही म्हणून.
बापाच्या होडीत मात्र एक दिवा, तोही विचारून लावायचा.
सोलर पॅनलही आहे, कोपऱ्यात तडा गेलेलं.
चिलोएत ऊन उधारीवर मिळतं,
पण थेंब थेंब भरेल.

तार आता जाड, वर कथिलाचा मुलामा.
जोडांवर ग्रीस, बोटभर.
नव्या बॅटरीवर फक्त रेडिओ, त्याचं बटण वेगळं,
त्यावर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका.
याला मासे मिळोत न मिळोत हात लावायचा नाही.
बाबा ठिपक्याकडे बघतात.
आईला आवडला असता हा रंग, म्हणतात.
आई जिवंत आहे, बाबा. वर घरात आहे.
हो, तेच म्हणतोय.

पाणी आलं.
आधी सुकाणूभोवती, मग होडी एकदा कण्हली
आणि सरळ झाली.
करून बघा, मी म्हणते.
घरी खिडकीत, बटाट्यांच्या टोपलीशेजारी
रेडिओ चालूच असतो दिवसभर.
मीटर: बारा पॉइंट सहा.
ते बटण दाबतात. बारा पॉइंट चार.
थांबला. तिथंच थांबला.

आता काहीतरी बोलायला हवं.
एर्सिरा, ते म्हणतात.
मग खूप वेळ काही नाही.
मग: धुक्यात त्या रात्री मी तुलाच बोलावत होतो,
बार्रिआला नाही.

घराच्या धुराड्यातून धूर सरळ वर चाललाय.
रेडिओतून शब्द नाही.
बाबांचा चेहरा उतरत जातो, हळूहळू,
बोट तसंच दाबलेलं, नखाखाली ग्रीस.

बाबा, बटण सोडा.
तुम्ही सोडल्याशिवाय तिला बोलता येत नाही.